सायाळीचं रगत गोठत नाई

१

शनवारी सकाळी जमादारानं मेलेली सात जनावरं चावडीपुढं ओळीनं मांडली, अन् माह्या भावाच्या हाताले दोर बांधला.

चार खोकडं अन् तीन सायाळी. तांड्यामांगच्या नाल्याकाठी गाडलेली होती, ती उकरून आनली. गाडली आमीच. हेमलानं, माह्या भावानं, खड्डे खंदले, म्या माती लोटली. मी नाकबूल करत नाई. पन गाडलं म्हनजे मारलं, हे कोन्या कायद्यात हाय, ते मले अजून कोनी दाखवलं नाई.

जानराव पाटील खुर्चीवर बसून सांगून राह्यले होते की लमान्यायनं नाल्याच्या डोहात सोमलाचं इख टाकलं. कातडी अन् काटे इकायसाठी जनावरं मारली, उद्या गावाचे बैल मरतीन, परवा लेकरं. लोक माना हालवत होते. त्यातल्या अर्ध्या लोकायच्या शेतातून हेमलानं ह्याच हिवाळ्यात डुकरं हाकलली होती.

जमादारानं पंचनामा वाचला तो अर्धा गिळून. मंग म्या कागद त्याच्या हातातून ओढला. मी तिसरीपर्यंत शाळेत गेली. मास्तर मले दाराबाहेर बसवे, म्हनून एक दिवस पाटी त्याच्या टेबलावर आपटून घरी आली ते आलीच. पन वाचता येते. कागदात लिहलं होतं, 'डोहाच्या पाण्यात सोमल असल्याचे तज्ज्ञांचे मत.' खाली सही सबनीस साहेबाची. हा दगड शोधनाऱ्या कंपनीचा साहेब. दिवाळीपासून त्याचे तंबू आमच्याकडं पडले होते.

"पानी कोनी तपासलं?" म्या इचारलं.

"साहेबायनं सांगतलं," जमादार म्हने. "तुह्यापेक्षा जास्त शिकले हायेत ते."

हेमलाले मंगळवारी सकाळच्या बसनं मंगरूळले नेनार, तिथून अकोल्याच्या जेलात. तोवर चावडीच्या खोलीत कोंडून. आत जाताना तो मले येवढंच म्हने, "जमना, डोकं तापवू नको. याडीजोळ बस."

याडी म्हनजे आमची माय. मी काही तिच्याजोळ बसली नाई. मंगळवारले तीन दिवस होते.

२

ती जनावरं आमी गाडली काहून, ते आधी सांगते. सारा घोळ तिथूनच झाला.

तांड्यात बकरं पडो का शिकार, रगत कोनी सांडू देत नाई. थाळीत धरतेत. थोड्या वेळात ते दह्यासारखं थिजते, मंग सुरीनं त्याच्या वड्या पाडून शिजवतेत. त्याले सळोई म्हनतेत. गावातले लोक नाक मुरडतेत, मुरडू द्या.

पंधरा दिवसांमांगं हेमलानं टेकडीच्या उतारावर एक सायाळ धरली. ती पळत बी नव्हती, नुसती बसली होती. नानीबाई म्हनजे माही आजी, तिनं थाळी लावली. रगत आलं ते पळसाच्या फुलाचं पानी असावं तसं पातळ. आजीचा कांदा चिरून झाला, लसून सोलून झाला, चूल पेटली. थाळी हालवली की रगत हालतच होतं. आजीनं थाळी उचलली अन् राखेत उपडी केली. ज्याचं रगत गोठत नाई ते जनावर मानसानं खायचं नाई, कुत्र्याले टाकायचं नाई, कोनाले न सांगता खोल गाडायचं. हा आमच्या बाया-बापड्यायचा जुना नेम हाय. त्याच्यानंतर टेकडीवर जे मेलेलं दिसलं ते आमी गाडत गेलो. गावाले सांगावं असं कोनाच्या मनातच आलं नाई. तिथंच चुकलो.

शनवारी दुपारी मी आजीपुढं बसली. आजीनं सत्तर वर्सं जनावरं जगताना अन् मरताना पाह्यली हायेत. तिनं मलेच उलटं इचारलं, मेलेल्यायचं पोट फुगलं होतं का. नाई. मांगून खराब होती का. नाई, कोरडी साफ. पान्याजोळ पडली होती का. एकबी नाई, सारी टेकडीवर.

"मंग सोमल कायचा?" आजी म्हने. "सोमलानं आमचा बैल मेला होता. हगून हगून, पान्यात तोंड घालून मेला तो."

मले जे दिसलं होतं ते म्या सांगतलं. साऱ्यायच्या हिरड्यातून रगत आलं होतं. पोटाच्या कातडीवर मोहरीएवढे लाल ठिपके होते. अन् खोकडायच्या पाठीचे केस नुसता हात लावला की मुठीनं निघत. पाठीचेच. पोटाचे, पायाचे जागच्या जागी घट्ट.

अजून एक. त्या डोहावर रोही पानी पेते, मोर पेतेत, तितर पेतेत, पाटलाचे बैल अन् आमच्या गाई पेतेत. त्यातलं एकबी मेलं नाई. मेली ती फक्त बिळात राहनारी.

जमादारानं पंचनामा झाल्यावर जनावरं उकिरड्यावर फेकली होती. मी गेली अन् एका तरन्या खोकडाचा पाय तोडून आनला. आजीनं दगडानं हाड फोडलं. तरन्या जनावराच्या नळीत लाल, घट्ट गर असते. ह्याच्या नळीत ताकाच्या निवळीसारखं पिवळं पानी होतं.

आजीनं ते पानी बोटावर घेऊन चोळून पाह्यलं. मंग म्हने, "बाळंतिनीले नळीचा रस्सा काहून पाजतेत? रगत हाडात पिकते म्हनून. ह्याच्या हाडातलं पीकच जळून गेलं, पोरी."

हाडात शिरनारं इख कोन्या दुकानात भेटते, हे तिले बी सांगता आलं नाई.

३

इखाचा धंदा आमच्याकडं एकाच मानसाचा, हिरालाल माळ्याचा. डोहाच्या खालच्या अंगाले त्याची वांग्याची अन् मेथीची वाडी. किडीसाठी तो अकोल्याहून पांढरी पावडर आनून भुरभुरवे. मी आईतवारी सकाळीच त्याच्या वाडीत गेली.

हिरालाल खाटेवर एका अंगावर कलून बसला होता, अन् मांडीवर मासे धरायचं फेकजाळं घेऊन त्याले वजनाचे गोळे बांधून राह्यला होता. म्या सरळ इचारलं, तुही पावडर टेकडीवर कशी गेली. तो चिडला. पावडर महाग, मी वांग्याले पुरवून पुरवून टाकतो, खोकडाले कायले खाऊ घालू म्हने. ते खरं वाटलं. त्याच्या बकऱ्या त्याच वाडीचा पाला खात होत्या अन् मस्त उड्या मारत होत्या.

पन दोन गोष्टी माह्या डोळ्यात बसल्या. त्यानं धोतर सोडून सैल लुंगी गुंडाळली होती, अन् डाव्या कमरेवर हळदीचा लेप होता. म्या इचारलं तर म्हने नागीन झाली. किती दिवस झाले? दोन महिने. नागीन पंधरा-वीस दिवसाच्या वर टिकत नाई, हे तांड्यातलं लेकरू बी सांगते. लेपाच्या कडेनं कातडी काळीनिळी होती, अन् फोड असे नव्हतेच. एकच गोल चट्टा, बोटाएवढ्या लांबीचा, चुलीतल्या निखाऱ्यानं पोळावा तसा.

दुसरी गोष्ट जाळ्याची. सारं गाव जाळ्याले भाजलेल्या मातीचे गोळे बांधते. हिरालालच्या जाळ्याले शिशाचे होते, नवे, चकचकीत.

"शिसं कुठून आनलं, हिरालालदादा?"

तो जाळं गुंडाळून आत गेला. आतून म्हने, "तुह्या भावाचं पाह्य आधी."

४

दुपारी मी कंपनीच्या तंबूवर गेली. तंबू आता नाल्याच्या ह्या बाजूले होते. माघ महिन्यापर्यंत ते टेकडीच्या उतारावर होते, सायाळीच्या बिळायपासून पन्नास पावलं. मंग एक दिवस अचानक सारं हालवलं.

कंपनीचा चौकीदार रतनसिंग, पल्टनीतून आलेला म्हातारा. त्याले बोलायले मानूस पायजेच असे. तो डोहावर घागरी भरून राह्यला होता. म्या एक घागर उचलून देल्ली अन् इचारलं, तंबू काहून हालवले.

त्यानं सांगतलं ते असं. साहेबाजोळ एक पेटी होती, काही काही दगडाजोळ नेली की टकटक वाजे. ती पेटी बरोबर वाजते का नाई हे पाहायसाठी साहेब एक वस्तू ठेवे, पान्याच्या तांब्याच्या आकाराच्या, जड शिशाच्या भांड्यात. त्याच्याजोळ कोनी बसायचं नाई, झोपायचं नाई, असा हुकूम. माघात एका सकाळी ते भांडंच गायब झालं. साहेब पेटी घेऊन तंबूभोवती फिरला. एका जागी पेटी अशी वाजली म्हने की जशी गारपीट पत्र्यावर. साहेबाचं तोंड पांढरं पडलं. घंट्याभरात तंबू उठले. चुलीवरचा भात तसाच राह्यला.

"मंग भांडं सापडलं का?"

"साहेबने लिख दिया, नाल्याच्या पुरात वाहून गेलं," रतनसिंग म्हने, अन् आपलाच हसला. माघात आमच्या नाल्याले गुडघाभर पानी नसते.

त्या दिवशी तंबूत परका मानूस कोन आला होता, हे इचारल्यावर त्यानं डोकं खाजवलं. कोनी नाई. भाजीवाला आला होता फक्त.

तेवढ्यात सबनीस साहेब बाहेर आले. गोरे, चष्मा, बोलनं मऊ. हेमलाबद्दल वाईट वाटलं म्हने. मले बसायले सांगतलं अन् चहा मागवला. मंग हळूच म्हने, "एक सांगतो, पोरी. त्या टेकडीवर जाऊ नकोस. तुझ्या लोकांनाही सांग."

मी रतनसिंगाकडं पाहत होती. त्यानं डोहाची घागर चुलीवरच्या पातेल्यात ओतली, त्याचाच चहा झाला, अन् साहेबानं तोच चहा बशीत ओतून घोट-घोट पेला.

इख पान्यात हाय असं सही करून सांगनारा मानूस पानी आरामात पेऊन राह्यला होता, अन् भेत होता टेकडीले.

मी कप खाली ठेवला अन् टेकडीवरच गेली.

५

बिळं तीन होती, एकाच दरडीत. मधल्या बिळाच्या तोंडाशी खोकडाचं एक पिल्लू पडलं होतं, जितं. उचललं तर ओल्या फडक्यासारखं लोंबलं. त्याच्या नाकातून रगताचा एक थेंब आला तो पुसला तर दुसरा, तो पुसला तर तिसरा. मी जास्त वेळ थांबली नाई. त्याले टोपल्यात घातलं, खोकडाच्या पायाचं दुसरं हाड चिंधीत बांधलं, अन् सोमवारी उजाडताच मंगरूळची वाट धरली. तीन कोस.

दर्ग्याच्या रस्त्याले ढोरायचा दवाखाना हाय. तिथले डॉक्टर पिंपळखुटे. लोक त्यायले येडा म्हनत, कारन ते मेलेल्या बैलाचं बी रगत काचेवर घेऊन पाहत बसत. मले असाच येडा पायजे होता. ते आधी म्हने की जंगली जनावरं मी पाहत नाही. मंग पिल्लाच्या नाकाकडं पाह्यलं, अन् टोपलं स्वतःच आत नेलं.

त्यायनं काचेवर रगताचा थेंब पसरला, रंग लावला, दुर्बिनीत डोळा घातला. एक काच झाली, दुसरी झाली, चौथी झाली. मी उभीच. मंग त्यायनं मले बोलावून दुर्बिनीतून पाहायले लावलं. आधी एका बकरीचं रगत. लाल टिकल्या गच्च भरलेल्या, अन् मधी मधी जांभळ्या डागाच्या मोठ्या पेशी. मंग पिल्लाचं. लाल टिकल्या इरळ, अन् जांभळं काहीच नाई.

"त्या मोठ्या पेशी रोगाशी लढतात," डॉक्टर म्हने. "आणखी बारीक कण असतात, ते रक्त गोठवतात. याच्यात दोन्ही संपलेत. हे सगळं हाडाच्या मगजात तयार होतं."

म्या चिंधी सोडून हाड पुढं केलं. त्यायनं ते फोडलं अन् आतलं पिवळं पानी काचेवर घेतलं. मंग म्या आजीचं सांगतलं, हाडातलं पीक जळालं म्हनून. ते म्हने तुझ्या आजीनं माझ्या आधी निदान केलं.

सोमल नाई, हे त्यायनं पिल्लाचं तोंड, पोट पाहून ठाम सांगतलं. मंग काय? त्यायनं कपाटातून एक जाड इंग्रजी पुस्तक काढलं. त्यात उंदरायचे चित्र होते. रेडियम म्हनून एक धातू असते, मोठ्या दवाखान्यात गाठी जाळायले वापरतेत. दिसायले काही नाई, वास नाई, पन त्यातून सतत काहीतरी निघत राह्यते ते कातडीतून आरपार जाते. उंदीर त्याच्याजोळ दिवस दिवस ठेवले तर कातडी पोळते, केस झडतेत, अन् सगळ्यात आधी हाडातलं रगत बनायचं बंद होते. जेवढं जोळ, जेवढा जास्त वेळ, तेवढं वाईट. शिशाच्या जाड भांड्यात ठेवलं तर बाहेर फार कमी येते.

शिसं म्हटलं अन् मले हिरालालच्या जाळ्याचे गोळे आठवले.

खोकड बिळात अंगाची गुंडाळी करून झोपते, पाठ भिंतीले टेकवून. साहेबाची गायब झालेली वस्तू त्याच भिंतीत असनार. म्हनून केस पाठीचेच गेले. रोही डोहावर येते, पानी पेते, निघून जाते. बिळातलं जनावर दिवसभर तिथंच. अन् पिल्लू तर चोवीस घंटे.

"पण तुमच्या माळावर रेडियम आणणार कोण?" डॉक्टरनं इचारलं.

म्या सांगतलं. त्यायनं चष्मा काढला, पुसला, अन् म्हने उद्याच्या सकाळच्या बसनं मी येतो. पिल्लू तोवर गेलं होतं.

परत आली तवा दिवस मावळाले होता. तशीच हिरालालच्या वाडीत गेली. म्या त्याले शिव्या देल्या नाई. डॉक्टरनं सांगतलेलं सारं सांगतलं, अन् इचारलं, ती भांड्यातली वस्तू कनवटीले किती वेळ ठेवली होती.

तो आधी रडला. मंग सांगतलं. भाजी द्यायले गेला तवा तंबूत कोनी नव्हतं, शिशाचं भांडं दिसलं. जाळ्यासाठी शिसं पायजेच होतं. टोपल्यात मेथीखाली घालून निघाला. उतारावर उघडून पाह्यलं तर आत चांदीसारखी बोटभर नळी. ती कनवटीले खोचली. तिथंच काड्या येचत राह्यला. अर्ध्या घंट्यानं वर हाका ऐकू आल्या, झडती होईन म्हनून भेला, अन् नळी मधल्या बिळात हात घालून दाबून देल्ली. भांडं वितळवून गोळे केले.

"म्या कोनाले मारलं नाई, जमना. मले काय ठाव."

"तुले ठाव नव्हतं," म्या म्हटलं. "ज्याले ठाव होतं तो चहा पेऊन राह्यला हाय."

पन माळ्याचा शब्द अन् लमान्याच्या पोरीचा शब्द, दोन्ही मिळून बी साहेबाच्या सहीएवढे होत नाईत. साहेब म्हनला असता, कायची नळी? अन् सकाळी बस होती.

६

मंगळवारी चावडीवर पाटील, जमादार, सबनीस साहेब असे टेबलाभोवती बसले होते. साहेबाले जबाबासाठी बोलावलं होतं. हेमला दाराशी, हात बांधलेला. बस आली, डॉक्टर उतरले अन् मांगं उभे राह्यले. डायव्हर हाटेलात गेला.

मी आत गेली. माह्या हातात चिंधीत गुंडाळलेली एक वस्तू होती. म्या ती टेबलावर ठेवली, पाटलाच्या पानाच्या डब्यापाशी, साहेबापासून हातभर.

"टेकडीवरच्या बिळात ही वस्तू भेटली," म्या म्हटलं. "कोनाची हाय पाहा."

पाटलानं हात पुढं केला. जमादार वाकून वास घ्याले लागला. साहेबाची खुर्ची उलटी पडली. ते भिंतीले जाऊन चिटकले, अन् तिथून सरकत सरकत दाराकडं.

"हात लावू नका. बाहेर न्या ते. शिशाशिवाय ती नळी हातात घेतलीस कशी तू?"

मले वाटलं सगळ्यायले समजलं. नाई. समजावून सांगाच लागलं.

"साहेब, म्या वस्तू म्हटलं. नळी तुमी म्हटलं. शिसं बी तुमीच."

म्या चिंधी सोडली. आत आजीची सुया ठेवायची पितळी नळी होती. सुया टेबलावर ओतल्या, पाटील मोजत असल्यासारखे पाहत राह्यले.

मंग मी सारं बोलली. थाळीतलं रगत, पाठीचे केस, बिळं, तंबू हालवनं, पुरात वाहून गेलेलं भांडं, डोहाच्या पान्याचा चहा. हिरालाल कोपऱ्यात होता. त्यानं लुंगी सरकवून कमर दाखवली अन् आपली चोरी आपल्या तोंडानं कबूल केली. डॉक्टर पुढं झाले. त्यायनं साहेबाले एकच इचारलं, तुम्हाला कधीपासून माहीत होतं.

सबनीसानं चष्मा सारखा केला. आवाज अजून मऊच. नळी बिळात गेली हे त्याच दिवशी कळलं होतं म्हने. भांड्याशिवाय काढता येत नव्हती. कळवलं असतं तर नोकरी गेली असती. तिथं मानसं जात नाईत, जनावरं तर मरतातच. सोमलाचं लिहलं म्हनजे लोक चौकशी करत टेकडीवर गेले नसते, एका परीनं त्यायच्याच भल्याचं.

"अन् माहा भाऊ?"

त्यानं हेमलाकडं पाह्यलं. तीन दिवसात पहिल्यांदा पाह्यलं. "चार महिने," तो म्हने. "जास्तीत जास्त चार महिन्यांची शिक्षा झाली असती."

मी टेबल उलटवनार होती. डॉक्टरनं माहा खांदा धरला.

जमादारानं हेमलाचे हात सोडले. अन् त्याच दमात साहेबानं काय म्हनावं? की नळी काढायले तांड्यातले दोन मजूर द्या, दुप्पट रोजी देतो. पाटलाची मान सवयीनं हेमलाकडं वळली. अन् हेमला, माहा येडा भाऊ, उठाले लागला.

"बस खाली," म्या म्हटलं. "ज्याची वस्तू हाय तो काढीन."

डॉक्टरनं बी तेच लावून धरलं, हे काम ज्याने शिकलंय त्यानेच करायचं. मंग तसंच झालं. हिरालालच्या जाळ्याचे गोळे तोडून आजीच्या चुलीवर वितळवले, जाड भांडं केलं. साहेबानं स्वतः पहारीनं दरड फोडली, लांब बांबूच्या चिमट्यानं नळी काढली, अन् डॉक्टर हातातल्या घड्याळात पाहून त्याले मांगं बोलावत, परत पाठवत. गाव लांब उभं राहून पाहत होतं. साहेबाच्या सदऱ्याले घाम आलेला म्या पाह्यला. मले त्याचा काही आनंद झाला नाई. बीळ फोडलं तवा आत अजून दोन पिल्लं निघाली, वाळलेली.

पन हे दुपारचं झालं. सकाळचं अजून बाकी हाय.

साहेब टेकडीकडं निघाले, तवा जमादारानं हेमलापुढं एक कागद सरकवला अन् शाईची गादी पुढं केली. अंगठा लाव अन् घरी जाय म्हने. हेमलानं अंगठा शाईत बुडवला बी. म्या कागद वाचला. 'जनावरे अज्ञात रोगाने मेली. आरोपी हेमला यास ताकीद व दया दाखवून सोडण्यात येत आहे. त्याची कोणाविरुद्ध तक्रार नाही.'

मी मोठ्यानं वाचलं, साऱ्यायले ऐकू जाईन असं. साहेबाचं नाव कुठं नाई. नळी नाई. दया होती.

जमादार म्हने, "सुटला ना तो? आता कायले अक्षरायवर भांडतं वं? अंगठा नसंन लावायचा तर बस उभी हाय. केस काही मिटली नाई."

डायव्हरनं दोनदा भोंगा वाजवला. पाटील बाहेर पाहत होते. मी जमादाराले काय काय म्हनली ते इथं लिहत नाई. पन अंगठा माहा नव्हता, हेमलाचा होता. चार महिने बी त्याचेच. मी बाजूले सरकली अन् त्याच्याकडं पाह्यलं.

हेमला कधी मोठ्यानं बोलत नाई. त्यानं शाईचा अंगठा धोतराले पुसला.

"दया कायची, जमादार साहेब?" तो म्हने. "म्या काय केलं होतं?"

अन् तो उठून ज्या खोलीत तीन दिवस कोंडला होता, तिच्यात परत जाऊन बसला. भिंतीले टेकून, दाराकडं तोंड करून. दार उघडंच होतं. जमादार दाराशी गेला, कडीले हात लावला, अन् तसाच उभा राह्यला. डॉक्टर पाहत होते, हिरालाल पाहत होता, दारात तांड्यातल्या बाया येऊन उभ्या राह्यल्या होत्या. त्यानं कडी सोडून देल्ली.

बस हेमलाले न घेता गेली.

दुसरा कागद लिहायले जमादाराले दिवस कलेपर्यंत वेळ लागला. त्यात कंपनीच्या नळीचं लिहलं, ती कोनाच्या ताब्यातली होती ते लिहलं, सोमलाचं खोटं कोनी सही करून सांगतलं ते नाव घालून लिहलं. खाली सबनीसाची सही, मातीनं भरलेल्या हाताची. म्या कागद खोलीत नेला अन् हेमलाले तीनदा वाचून दाखवला. तिसऱ्यांदा तो म्हने, नाव परत वाच. म्या परत वाचलं.

मंग त्यानं शाई मागवली.